वजनाचा हिशेब – लेखांक 6 : भूक गेली, आता जेवायचं किती?

काही महिन्यांपूर्वी एक निवृत्त शिक्षिका तपासणीला आल्या. वय 58, गाव साताऱ्याजवळचं. सेमाग्लुटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन सुरू होऊन साडेचार महिने झाले होते आणि 84 किलोंवरचा काटा 74 वर आला होता. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता, आणि तो रास्तच होता. गुडघ्यांचं दुखणं कमी झालं होतं, जिना चढताना लागणारी धाप गेली होती. शाळेतल्या सवयीप्रमाणे त्यांनी रोजच्या खाण्याची वही ठेवली होती, समास आखून. मी ती चाळली. सोमवार : सकाळी चहा, दोन मारी बिस्किटं. दुपारी अर्धी पोळी, दोन चमचे दोडक्याची भाजी, अर्धी वाटी वरण. चार वाजता चहा. रात्री चार घास दूधभात. मंगळवारीही जवळपास हेच.

“भूकच लागत नाही हो डॉक्टर,” बाई म्हणाल्या. सुरात तक्रार नव्हती, उलट थोडा अभिमानच होता.

मी बेरीज केली. दिवसाला जेमतेम साडेपाचशे कॅलरी आणि प्रथिनं 18-20 ग्रॅम. मग त्यांना खुर्चीत बसवलं, हात छातीशी दुमडायला लावले आणि कशाचाही आधार न घेता पाच वेळा उठून पुन्हा बसायला सांगितलं. तिसऱ्या वेळी त्यांचा हात आपोआप खुर्चीच्या दांडीकडे गेला.

गेले काही आठवडे आपण भुकेविषयी बोलतो आहोत. आज स्नायूंविषयी बोलायला हवं, कारण काटा खाली येत असताना त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

मागच्या लेखातलं थोडं आठवून घेऊ. जेवण झालं की आतड्यातून जीएलपी-1 नावाचं संप्रेरक पाझरतं आणि रक्तात ते एक-दोन मिनिटांतच निम्मं होतं. सेमाग्लुटाइड त्याचीच नक्कल करतं, पण त्याला निम्मं व्हायला आठवडा लागतो. 2021 मध्ये या औषधाचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात 1961 माणसं होती. 68 आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, बिनऔषधाचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. दोन्ही गटांना सल्ला मात्र एकच होता : गरजेपेक्षा रोज 500 कॅलरी कमी खा आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करा. आयुष्यभर ‘तोंडावर ताबा नाही’ हे ऐकत आलेल्या प्रत्येकाने हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून पाहावेत. सल्ला तोच होता. बदलली ती भूक.

पण याच अभ्यासात काही जणांच्या शरीराचं स्कॅन करून चरबी वेगळी मोजली होती. घटलेल्या वजनातला जवळपास 40 टक्के वाटा चरबीचा नव्हताच. त्यात पाणी वगैरे सगळं येतं, तरी स्नायूही येतात. हा काही या औषधाचाच दोष नाही. कडक उपास करून वजन उतरवलं तरी स्नायू झिजतात. औषधामुळे खाणं फार सहज कमी होतं, आणि त्यामुळे ही झीज लक्षात येत नाही, एवढंच.

आपल्याकडे याची काळजी जास्त करायला हवी, आणि त्यामागचं कारण पुण्यातच सापडलेलं आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात 21.2 टक्के! अंगावर कपडे घातलेले दोन सडसडीत गृहस्थ. आत मात्र दुपटीहून अधिक फरक. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं तपासली, तेव्हाही हेच दिसलं. बाळं लहानखुरी होती, पण त्यांची चरबी त्या मानाने राखली गेली होती आणि कमी पडले होते ते स्नायू. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय 23 वर आणि लठ्ठपणाची 25 वर आणली गेली. म्हणजे स्नायूंचं भांडवल आपल्याकडे मुळातच तोकडं. त्यातून उचल करायची तर फार जपून.

आता कॅलरीच्या वहीकडे येऊ. औषध सुरू होण्याआधी ही वही एका कामाची असते : नजरेआड जाणारं खाणं पकडायचं. 1992 साली अमेरिकेत ‘आम्ही फार कमी खातो तरी वजन उतरत नाही’ म्हणणाऱ्यांचा एक छोटा पण काटेकोर अभ्यास झाला. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्क्यांनी कमी भरलं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. फोडणीत पडलेलं तेल, भाजीवर भुरभुरलेलं दाण्याचं कूट, नातवाच्या ताटात उरलेली अर्धी पोळी, हे कुणाच्या लक्षात राहतं? माझ्या रुग्णांना मी ॲप उघडण्याआधी तेलाचा डबा बघायला सांगतो. चार माणसांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम झालं. ग्रॅमला 9 कॅलरी धरा, म्हणजे 340 कॅलरी नुसत्या तेलाच्या. एका सपाट मोठ्या चमच्यात, म्हणजे 15 मिलिलिटरमध्ये, 120 कॅलरी असतात. पळीने अंदाजे ओतणं सोडून आठवडाभर चमच्याने मोजून तेल घातलं, तरी हिशेबाची निम्मी गाठ सुटते.

औषध लागू पडल्यावर मात्र याच वहीचं काम उलटं होतं. आता पाहायचं असतं ते खाणं फार खाली तर जात नाही ना. बाईंच्या वहीत मी एक नवा रकाना आखून दिला : प्रथिनं. वजन उतरत असताना किलोमागे साधारण एक ग्रॅम तरी पोटात जायला हवं. (मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा स्वतःच्या डॉक्टरांनाच विचारावा.) बाईंना अंडं चालत होतं, हे बरं झालं. एका अंड्यात 6 ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीरमध्ये 18, मूठभर सोयाबीनच्या वड्यांत बारा-तेरा. वाटीभर वरणात सहा-सात, पण ते घट्ट असेल तरच. आपल्या ताटातलं पातळ वरण या हिशेबात फारसं मोजता येत नाही. चार घासांत पोट भरणार असेल, तर पहिले दोन घास उसळीचे, पिठल्याचे किंवा माशाचे असावेत आणि पोळी नंतर. लहानपणापासून पोळीशी भाजी ‘लावून’ खायची सवय आहे, त्यामुळे हे बदलायला त्रास होतो. तरीही बदलावं.

आणि औषधाची मात्रा. ती चार-चार आठवड्यांनी 0.25 मिलिग्रॅमपासून 2.4 पर्यंत चढवत नेतात, पण शेवटची पायरी प्रत्येकाने गाठलीच पाहिजे असं नाही. बाईंची मात्रा मी 2.4 वरून 1.7 वर आणली. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर इतकं कमी खाणं अंगावर काढूच नये. साखर एकदम खाली जाऊ शकते. एका वाचक भगिनीने ‘मैत्रिणीचं उरलेलं पेन वापरू का?’ असं विचारलं आहे. कृपा करून नको. सुई बदलली तरी पेन दोघींत वापरायचं नसतं. शिवाय तुमच्या घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर होता का, पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, हे तुम्हाला आधी कुणीतरी विचारायला हवं.

उरला व्यायाम. ‘रोज फिरायला जातो की’ हे उत्तर मी दिवसातून दहादा ऐकतो. फिरणं हृदयासाठी उत्तमच. पण झिजणारे स्नायू राखायचे असतील तर त्यांना ओझं द्यावं लागतं. कोपनहेगनच्या संशोधकांनी 2021 मध्ये याच कुळातल्या लिराग्लुटाइडचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठ आठवडे कडक आहार देऊन लोकांचं वजन सरासरी 13 किलोंनी उतरवलं आणि मग वर्षभर कुणाला औषध, कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही दिलं. दोन्ही करणाऱ्यांच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण नुसतं औषध किंवा नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे दुपटीने घटलं.

तालमीत जोर-बैठका काढणाऱ्यांना हे वेगळं सांगावं लागत नव्हतं. बाईंची तालीम म्हणजे त्यांची जेवणाची खुर्ची. आठवड्यातून तीनदा, हात न टेकता सहा वेळा उठायचं, दम घ्यायचा, असं तीनदा. भिंतीला हात टेकून जोर. दोन्ही हातांत लिटरभर पाण्याची एकेक बाटली घेऊन ती खांद्यापर्यंत उचलायची. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून आल्या आणि त्यांचा फोन आला. मी म्हटलं, एक दिवस थांबा, पण सोडू नका.

दहा आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. वजन 73. दहा आठवड्यांत एकच किलो, म्हणून थोड्या हिरमुसल्या होत्या. वहीतल्या नव्या रकान्यात मात्र 60, 64, 58 असे आकडे होते. मी खुर्ची पुढे ओढली. पाचही वेळा त्या हात छातीशी ठेवून उठल्या, आणि न सांगता सहाव्यांदाही.

मग वही मिटत त्यांनी विचारलं, “आता हे इंजेक्शन बंद कधी करायचं?” सुरुवातीला सांगितलेल्या अभ्यासातल्या काही जणांचा, औषध आणि सल्ला दोन्ही थांबवल्यानंतर वर्षभर मागोवा घेतला होता. उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं होतं. बाईंना मी हे स्पष्ट सांगितलं आणि मग आम्ही दोघांनी मिळून जे ठरवलं, त्याविषयी पुढच्या आठवड्यात.