शाळकरी चित्रकथा आणि लपवलेला चेहरा

दलित कविता, कथा, आत्मकथन आणि नाटक यांची चर्चा आपण भरपूर केली. मुलांच्या हाती काय पडते याचा विचार मात्र आपल्या नियतकालिकांतून फार थोडा झाला. त्यातही चित्रकथा, म्हणजे सगळे ज्याला कॉमिक म्हणतात ती, वाङ्मयात कोणी मोजतच नाही. वस्तुतः अक्षर ओळखण्याआधी मूल चित्र वाचते. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नव्हते. पुस्तकांचे कपाट नव्हते; भिंतीवर बुद्ध होते आणि बाबासाहेब होते. निळा कोट, खिशाला पेन, हाती ग्रंथ. हे चित्र आम्ही बाराखडीच्या आधी वाचले. तेव्हा चित्र ही क्षुल्लक बाब आहे, असे निदान आपण तरी म्हणू नये.

या लेखात एका परक्या चित्रकथेचा विचार करायचा आहे. परकी असली तरी तिने उभा केलेला प्रश्न आपला आहे.

अमेरिकेत ओहायो राज्यातील डेटन येथून जॉर्ज फ्लॉम या प्रकाशकाने १९४६ साली 'ट्रेझर चेस्ट ऑफ फन अँड फॅक्ट' नावाचे चित्रकथांचे नियतकालिक सुरू केले. ते कॅथलिक शाळांतील मुलांसाठी होते. शाळेच्या सत्रात पंधरवड्याला एक अंक निघे आणि वर्गणी शाळेतूनच गोळा होई. संतांची चरित्रे, विज्ञान, इतिहास, खेळ, साहसकथा असा त्याचा ऐवज असे. १९७२ पर्यंत ते चालले. त्या काळात गुन्हेगारीच्या आणि भयकथांच्या कॉमिकांनी पालक व धर्मगुरू धास्तावले होते. १९५४ साली तर अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे कॉमिकांची चौकशी झाली. बहुतेकांचा उपाय बंदीचा होता. 'ट्रेझर चेस्ट'वाल्यांनी मुलाच्या आवडीचे माध्यमच आपल्या हाती घेतले. बाजारातले कॉमिक मूल चोरून वाचे. हे कॉमिक शिक्षकाच्या हातून येई. त्यामुळे ते घरात शिरताना शाळेची आणि धर्मसंस्थेची अशी दुहेरी अधिसत्ता बरोबर घेऊन शिरत असे.

या अधिसत्तेचा वापर कशासाठी झाला? १९६१ साली त्यात साम्यवादाविरुद्धची एक मालिका सुरू झाली. साम्यवाद्यांच्या ताब्यातली अमेरिका कशी दिसेल, हे शाळकरी मुलांना चित्रांतून दाखवण्यात आले. भूक, बेकारी, वेठ यांमुळे माणसे लाल झेंड्याकडे का वळतात, हा प्रश्न बाजूला ठेवून भय तेवढे पेरले गेले. प्रस्थापितांचे बालवाङ्मय हे काम नेहमीच करत आले आहे.

पण याच नियतकालिकाने १९६४ साली, जानेवारी ते जून या काळात, एक वेगळी मालिका दहा भागांत छापली. लेखक बेरी रीस, चित्रकार जो सिनॉट. कथा भविष्यातली, म्हणजे १९७६ सालची. टिम पेटिग्रू नावाचा एक नेता राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी झगडतो आहे. सभा होतात, डावपेच होतात, त्याच्या जिवावर हल्लाही होतो. या सगळ्यात त्याचा चेहरा वाचकाला दिसत नाही. कधी तो पाठमोरा असतो, कधी गर्दीआड. शेवटच्या भागाच्या अखेरीस चेहरा समोर येतो आणि कळते, की हा माणूस काळा आहे. वर्णभेदाला बंदी करणारा नागरी हक्कांचा कायदा अमेरिकेत २ जुलै १९६४ रोजी झाला, म्हणजे ही मालिका संपल्यानंतर महिन्याभरात. २००८ साली बराक ओबामा निवडून आले तेव्हा या विसरलेल्या कथेची तिकडे पुन्हा आठवण निघाली.

धाडस मोठे होते, ते मान्य केलेच पाहिजे. युक्तीही नेमकी होती. वाचकाने आधी माणूस ओळखावा, त्याचे विचार पटवून घ्यावेत आणि मग रंग कळावा. ज्याला रंग कळल्यावर धक्का बसेल, त्याने स्वतःला विचारावे की हा धक्का कुठून आला.

परंतु आपल्या वाचकाने एक पाऊल पुढे टाकून विचारले पाहिजे, की ही युक्ती कोणत्या मुलासाठी होती? धक्का बसायचा तो गोऱ्या मुलाला. त्याच वर्गात बसलेल्या काळ्या मुलाला काय मिळाले? दहा भाग वाट पाहिल्यावर एक चेहरा. माणूस म्हणून मान्यता मिळवायची तर आधी तोंड लपवा, लायकी सिद्ध करा आणि मग हळूच दाखवा, असा या कथेचा न बोललेला करार आहे.

हा करार आपल्याला नवा नाही. आपल्याकडे रंगाच्या जागी आडनाव असते. पेण काय नि रोहा काय, तालुक्याच्या गावी भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला नाव सांगितल्यावर 'पूर्ण नाव?' हा प्रश्न येतो, तेव्हा चेहराच विचारलेला असतो. म्हणून कोणी आडनाव गाळतो, कोणी गावाचे नाव लावतो. तो आपल्या परीने पेटिग्रूची कथा जगत असतो. फक्त त्याचा शेवटचा भाग कधी छापला जात नाही.

ज्या धर्मसंस्थेच्या शाळांतून समतेचा हा धडा गेला, तिचे आपल्या भूमीवर काय झाले? रोह्याहून वाहणारी कुंडलिका रेवदंड्याशी समुद्राला मिळते. तिथेच कोर्लईची कॅथलिक वस्ती आहे, पोर्तुगीजमिश्रित बोली जपणारी. म्हणजे हा धर्म आपल्या जिल्ह्याला शतकानुशतके माहीत आहे. ख्रिस्तापुढे सर्व समान, ही घोषणाही तितकीच जुनी. तरीही तमिळनाडूत दलित ख्रिस्ती माणसाला मेल्यावरही वेगळी दफनभूमी पाहावी लागल्याची उदाहरणे आहेत. राज्यसंस्थाही मागे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना तो मिळाला. दलित ख्रिस्ती व दलित मुसलमान अजून बाहेरच आहेत. चर्च म्हणते जात नाही, शासन म्हणते ख्रिस्ती झालात म्हणजे जात गेली, आणि गाव मात्र जात विसरत नाही.

अमेरिकेत चळवळीच्या बाजूनेही चित्रकथा निघाली होती. माँटगोमेरीच्या बस-बहिष्काराची आणि मार्टिन ल्यूथर किंग यांची कथा 'फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन' या संघटनेने १९५७ च्या अखेरीस कॉमिकरूपात काढली. बहिष्कार कसा चालवावा हेही तीत शिकवले होते. तीत भारत येतो तो गांधींच्या रूपाने. मिठाच्या सत्याग्रहाच्या तीन वर्षे आधी महाडला पाण्याचा सत्याग्रह झाला होता, ही गोष्ट जगाच्या चित्रात आलीच नाही. ती पोहोचवणारी चित्रे आपण काढली नव्हती.

आपल्याकडे 'अमर चित्र कथा' १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली. देवदेवता, राजे आणि ऋषी यांच्या दाटीत बाबासाहेबांवरचा अंक १९७९ साली आला. चित्रे दिलीप कदम यांची. तो आला याचे मोल आहे. पण एक नायक आणि बत्तीस पाने, असा त्या मालिकेचा साचा आहे. अशा साच्यात महापुरुष मावतो, चळवळ मावत नाही. तळ्यावर गेलेली हजारो माणसे मागची गर्दी होऊन जातात. २०११ साली 'नवयान'ने काढलेल्या 'भीमायन'मध्ये दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी हा साचाच मोडला. त्यांनी सरळ चौकटी नाकारल्या. मायेच्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर विषारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. शब्दातला अपमान निरक्षर मुलालाही दिसावा, असे हे चित्र आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले महाड चित्रांत मांडायचे तर काय काय दाखवता येईल? १९२३ चा बोले यांचा ठराव, सार्वजनिक पाणवठे खुले करणारा. महाड नगरपालिकेची १९२४ ची मान्यता. मग तीन वर्षे ठराव कागदावर आणि तळे तसेच. दासगावचे आर. बी. मोरे परिषदेसाठी खटपट करताहेत. सुरबानाना टिपणीस आणि अनंतराव चित्रे सोबतीला उभे आहेत. २० मार्च १९२७ ची मिरवणूक, ओंजळीतले पाणी, नंतरची मारहाण, तळ्याचे 'शुद्धीकरण', २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन. आणि १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. दहा वर्षांच्या या कथेत पाणी पिण्याचा क्षण एका चौकटीचा आहे. त्याच्या आधीची आणि नंतरची चिकाटी हीच खरी कथा. १९३३ ते १९३९ चा चरीचा शेतकरी संपही असाच. त्यात खोताच्या वहीपासून बाबासाहेबांच्या १९३७ च्या खोती-विधेयकापर्यंतचा धागा मुलाला हाताने दाखवता येतो.

पेणच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती सरावलेल्या हाताकडेच देतात. चेहरा कोणाचा, तो केव्हा दिसावा, हे आखणाऱ्याच्या हाती असते. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता या मांग मुलीचा निबंध 'ज्ञानोदय'ने छापला. पत्र मिशनऱ्यांचे होते, पण लेखणी तिची होती, म्हणून त्या मजकुरात कोणाची दया नाही. चित्रकथेतही हेच व्हायला हवे.

शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझी सूचना साधी आहे. 'ट्रेझर चेस्ट'चे जुने अंक वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी खुले केले आहेत. ते वर्गात दाखवावेत आणि पेटिग्रूच्या शेवटच्या पानावर मुलांना थांबवून विचारावे, की हा चेहरा पहिल्याच चौकटीत असता तर काय बिघडले असते? त्यानंतर कागद आणि पेन्सिली वाटून आपल्या गावच्या पाणवठ्याची, संपाची, पहिल्यांदा शाळेत गेलेल्या आजीची गोष्ट त्यांना काढू द्यावी. एकच अट असावी. पहिल्या चौकटीत माणसाचा चेहरा हवा, आणि खाली त्याचे पूर्ण नाव.