दुभत्या जनावरांची आरोग्यतपासणी : लक्षणे आणि त्यांचा अन्वयार्थ

प्रस्तावना

महाराष्ट्रातील अनेक अल्पभूधारक कुटुंबांत गाय किंवा म्हैस हे रोजच्या मिळकतीचे साधन असते. जनावर आजारी असल्याचे बहुधा दूध घटल्यावरच ध्यानात येते आणि तोवर आजार बळावलेला असतो. जनावराला आपले दुखणे सांगता येत नाही; ते त्याच्या वागण्यातून ओळखावे लागते. गाई-म्हशींची लक्षणे कोणत्या क्रमाने पाहावीत व त्यांचा अर्थ कसा लावावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निरीक्षण

तपासणीचा आरंभ दुरूनच करावा. माणूस जवळ गेल्यावर जनावर बिचकते आणि त्याची नाडी व श्वास वाढतात. निरोगी जनावर सजग असते, चारही पायांवर सारखा भार देते, शेपटीने माश्या वारते; त्याची नाकपुडी ओलसर असते. गाय दिवसाकाठी सुमारे 7 ते 8 तास रवंथ करते. म्हणूनच चारा टाकणे, रवंथ थांबणे आणि कळपापासून अलग उभे राहणे ही चिन्हे उपेक्षणीय नव्हेत. शेणाचा घट्टपणा व लघवीचा रंगही रोज पाहावा. गोचिडांमुळे पसरणाऱ्या बबेसिओसिस या रोगात लघवी कॉफीसारखी लालसर होते.

स्पर्श आणि मोजमाप

प्रौढ गाईचे गुदमार्गातून घेतलेले तापमान 101.5 अंश फॅरनहाइटच्या आसपास असते. नाडी शेपटीच्या खालच्या बाजूस, मुळाजवळ लागते. श्वास कुशीच्या हालचालीवरून मोजावा. डाव्या कुशीच्या वरच्या भागावर मूठ दाबून ठेवल्यास कोठीपोटाची हालचाल हाताला जाणवते. ती मिनिटाला 1 ते 2 वेळा व्हावी. पापणीच्या आतील अस्तर गुलाबी असावे. ते फिकट असल्यास रक्तक्षयाचा, बहुधा जंतांचा किंवा गोचिडांचा, आणि पिवळे असल्यास काविळीचा संशय घ्यावा.

अन्वयार्थातील धोके

एकाच लक्षणावरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो. दुग्धज्वर या नावामुळे तापाचा बोध होतो. प्रत्यक्षात व्यायल्यानंतर रक्तातील कॅल्शियम घटल्याने हा विकार होतो व तापमान बहुधा सामान्यापेक्षा कमी भरते. मान कुशीकडे वळवून बसलेल्या अशा गाईचे अंग गार लागते. उपचारास विलंब झाल्यास ती दगावते. म्हशीची गोष्ट निराळी आहे. काळी कातडी व विरळ घर्मग्रंथी यांमुळे उन्हात तिचे तापमान लवकर चढते. म्हणून तिला सावलीत विसावा दिल्यावरच मोजमाप करावे. सुप्त कासदाहात तर कास व दूध दोन्ही वरकरणी निर्दोष दिसतात; तेथे दुधाची चाचणीच आवश्यक ठरते.

माणसाच्या आरोग्याशी संबंध

या तपासणीत माणसाच्या जिवाचाही प्रश्न गुंतलेला आहे. पिसाळलेल्या गाईला गिळता येत नाही व तोंडातून लाळ गळते. घशात काही अडकले असावे, या समजुतीने तोंडात हात घालणे प्राणघातक ठरू शकते. अशी लाळ हाताच्या जखमेस लागल्यास ती जागा साबण व वाहत्या पाण्याने धुऊन तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत. जनावर अकस्मात मेले आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून काळपट रक्त आले, तर फाशी रोगाचा संशय धरून शव फाडू नये, कातडी सोलू नये. हवेच्या संपर्काने या जिवाणूंचे बीजाणू तयार होतात आणि ते मातीत अनेक दशके टिकतात. प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या केंद्रीय कायद्यानुसार अनुसूचित रोगाची शंका येताच ग्राम अधिकारी किंवा ग्रामपंचायतीस कळवणे मालकावर बंधनकारक आहे.

समारोप

आरोग्यतपासणी म्हणजे रोगनिदान नव्हे. ते पशुवैद्यकाचे काम आहे. त्या जनावराच्या नेहमीच्या स्थितीत पडलेला फरक वेळीच ओळखणे हे पालकाचे काम होय. हा फरक कळण्यासाठी निरोगी दिवसांची नोंद हाताशी हवी. आहार, रवंथ, शेण, दूध व तापमान अशा पाच रकान्यांची वही त्यासाठी पुरेशी आहे. आपल्या महाविद्यालयांतील अनेक विद्यार्थ्यांच्या घरी गोठा आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून त्यांना अशी वही ठेवण्यास शिकवले, तर वर्गातील निरीक्षणपद्धती थेट त्यांच्या दावणीपर्यंत पोहोचेल.