एक मैदान, दोन मंडळे आणि साचलेले पाणी

औसा तालुक्यातील किल्लारी हे नाव ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपामुळे जगाला ठाऊक झाले. त्यानंतर लातूर व उस्मानाबाद (आजचा धाराशिव) जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. पायाखाली काळी माती किती आणि मुरूम कोठे लागतो, याचा विचार घर बांधताना अगत्याने केला जातो. खेळाचे मैदान तयार करताना मात्र तो सहसा होत नाही. म्हणून या विषयाची थोडी सविस्तर माहिती वाचकांपुढे ठेवावी, असे आम्हांला वाटले.

गावातील एकच मैदान दोन मंडळांनी वापरावे, मध्यभागी क्रिकेट व्हावे आणि एका कोपऱ्यात कबड्डी, ही रीत सर्वत्र आहे. तंटा सुरू होतो तो पावसाळ्यात. क्रिकेटचे मंडळ मधल्या भागावर मुरमाच्या ट्रॉल्या टाकते. पाणी कबड्डीच्या कोपऱ्यात उतरते. कबड्डीचे मंडळ बांध घालते. पाणी मागे हटून पुन्हा मैदानातच तुंबते. खर्च दोघांचाही होतो आणि चिखल जागच्या जागी राहतो.

पाणी का मुरत नाही?

काळ्या मातीतील चिकण कण पाण्याने फुगतात आणि वाळल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात पडलेल्या भेगांतून पहिल्या पावसाचे पाणी झपाट्याने आत जाते, म्हणून जूनच्या आरंभी मैदान निर्दोष भासते. पुढे माती फुगून भेगा मिटल्या, की पाणी मुरण्याचा वेग तासाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरवर येतो. ओल्या मातीवर रोलर फिरला वा खेळाडूंनी ती तुडवली, की उरलीसुरली छिद्रेही बुजतात.

आता हिशेब पाहा. मैदान १०० मीटर लांब व ७० मीटर रुंद असेल आणि २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्यावर १,७५,००० लिटर पाणी येते. दहा हजार लिटरचे साडेसतरा टँकर झाले! ते केवळ मुरण्याची वाट पाहिल्यास एक संपूर्ण दिवस अपुरा पडेल. यावरून उघड होते की काळ्या मातीवरील पाणी मुख्यतः वाहूनच गेले पाहिजे.

उपायांचा क्रम

पहिली गोष्ट, बाहेरचे पाणी आत येऊ न देणे. रस्त्याचे, छपरांचे वा वरच्या शेताचे पाणी मैदानात शिरत असेल, तर चढाच्या बाजूस चर खणून ते बाहेरच्या बाहेर वळवावे. अनेक ठिकाणी एवढ्यानेच निम्मा त्रास कमी होतो.

दुसरी गोष्ट, उतार. मध्यरेषा उंच ठेवून दोन्ही बाजूंना शंभरास एक असा उतार द्यावा. सत्तर मीटर रुंदीच्या मैदानात मध्य कडेपेक्षा ३५ सेंटिमीटर उंच होतो. खेळताना तो जाणवतही नाही. वरची माती बाजूला काढून खालचा थर उतरता करावा आणि मग तीच माती पसरावी. एक-दोन ट्रॉली वाळू मातीत मिसळून काहीही साधत नाही.

तिसरी गोष्ट, कडेचे चर. सुमारे दोन फूट खोल चरात सच्छिद्र पाइप, त्यावर खडी आणि वर जाड वाळू भरावी. ही वाळू पृष्ठभागापर्यंत आली पाहिजे. तिच्यावर काळ्या मातीचा थर बसला, तर पाणी खाली पोहोचणारच नाही. उन्हाळी भेगांत वाळू उतरते, म्हणून दरवर्षी ती पुन्हा भरावी लागते.

चौथी गोष्ट, पाण्याला वाट. जेथे शेवटी नाला, शेततळे वा मुरमापर्यंत नेलेला शोषखड्डा नाही, तो चर म्हणजे केवळ लांबट खड्डा होय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. आपल्या मैदानावर असे तीन-चार पाऊस पडले, की तेवढे पाणी जमते. ते साठवण्याजोगे आहे.

दोन मंडळांचा करार

मध्य उंच केला की पाणी कडेला जाणार आणि कबड्डी तर कडेलाच आहे. म्हणून दोन्ही कामे एकाच आराखड्यात हवीत. पुरुषांच्या कबड्डीचे क्रीडांगण १३ बाय १० मीटरचे असते. तेवढी जागा अर्धा फूट उंच ओट्यावर घेऊन भोवती स्वतंत्र चर काढावा. पावसाआधी ती ताडपत्रीने झाकताही येते. गवंड्याच्या पाण्याच्या नळीने पातळी मोजताना दोन्ही मंडळांची माणसे हजर असावीत, म्हणजे पुढे संशयाला जागा राहत नाही.

काम एप्रिल-मे महिन्यांत, माती कोरडी असताना करावे. मृगापूर्वी चर साफ करण्याची पाळी व खर्चाची वाटणी लिहून ठेवावी. सर्वांत कठीण नियम असा: पाऊल टाकल्यावर ठशात पाणी दिसले, तर मैदान दोघांनाही बंद. निर्णय प्रत्येक मंडळाच्या एकेका प्रतिनिधीने मिळून घ्यावा आणि स्पर्धा तोंडावर आली तरी तो बदलू नये. ओल्या मैदानावरील एका सामन्याने उताराची सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

आपल्या धर्मग्रामांच्या आवारातील मैदानेही बहुधा अशीच सामायिक असतात. यंदाचा पहिला मोठा पाऊस थांबल्यावर दोन्ही मंडळांच्या प्रमुखांनी छत्री घेऊन मैदानाला एक फेरी मारावी आणि पाणी कोठून येते व कोठे थांबते, याच्या खुणा खुंट्या ठोकून करून ठेवाव्यात. पुढील उन्हाळ्यातील कामाचा नकाशा त्या खुंट्यांतूनच तयार होईल.