यादीत नाव नाही, तर मताला ठाव नाही!

गेल्या निवडणुकीत आमच्या वस्तीतील एक आजीबाई सकाळी सातलाच ठेवणीतले लुगडे नेसून रांगेत उभ्या राहिल्या. ओळखपत्र पदरात गुंडाळलेले होते. केंद्रावरच्या कर्मचाऱ्याने यादी चाळली आणि म्हणाला, ‘‘आजी, तुमचं नाव नाही.’’ आजीबाई डोळे पुसत परतल्या. आम्ही जवळच उभे होतो, पण करता काहीच आले नाही. ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत देता येत नाही, आणि केंद्राध्यक्षाला नाव घालण्याचा अधिकार नसतो.

हे दुखणे जुनेच आहे. काही प्रांतांत वंश, भाषा वा संस्कृतीने वेगळ्या लोकांची नावे यादीतून गाळली जातात, अशा तक्रारी आल्याचे परमपूज्य बाबासाहेबांनी १५ जून १९४९ रोजी घटना समितीत सांगितले. म्हणून यादीचे आणि निवडणुकीचे काम प्रांतिक सरकारांकडे न ठेवता स्वतंत्र आयोगाकडे दिले गेले. तेच कलम ३२४. धर्म, वंश, जात वा लिंग यावरून कोणालाही यादीतून वगळता येणार नाही, असे कलम ३२५ बजावते.

पण बंधू-भगिनींनो, आयोग दिल्लीत बसतो; यादी आपल्या गल्लीत तयार होते. प्रत्येक मतदान केंद्रासाठी एक बीएलओ नेमलेला असतो, पुष्कळदा शाळेतले गुरुजी किंवा अंगणवाडीच्या ताई. नवे नाव घालायला ६ नंबरचा अर्ज, कोणाचे नाव कमी करायला ७ नंबरचा, पत्ता बदलायला वा चूक सुधारायला ८ नंबरचा. अठरा वर्षे पूर्ण झाल्याची तारीख १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या दिवशी धरतात.

महापालिका व ग्रामपंचायतीची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो. पण त्यासाठी विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. तिथे नाव नसेल तर इथेही नसते.

आणखी एक ध्यानात ठेवा. आपल्या नावाने आधीच कोणी मत टाकून गेला असेल, तर गुपचूप परतू नका. आपली ओळख पटवून केंद्राध्यक्षाकडे प्रदत्त मतपत्रिका मागा.

प्रारूप यादी लागली की घरातील शिकलेल्या मुलीने सगळ्या घराची, शेजाऱ्यांचीही नावे वाचून पाहावीत. आजीबाईंचा अर्ज आम्ही भरून दिला. नाव आले. आता त्या वस्तीतल्या दुसऱ्यांना विचारतात, ‘‘तुझं नाव पाहिलंस का गं?’’