पाहुणीचा व्हिसा

आपली मुले परदेशी निघाली की त्यांच्या व्हिसासाठी घरातली वडीलधारी माणसे देव पाण्यात घालून बसतात, हे दृश्य आता मध्यमवर्गीय घरांत नवे राहिलेले नाही. पण आपल्याकडे येऊ पाहणाऱ्या परक्या माणसाच्या पोटातही तसाच गोळा उठत असेल, हे मात्र २०२४ सालापर्यंत माझ्या ध्यानीमनी नव्हते. ते मला शिकवले माझ्या पोलिश मैत्रिणीने.

ही मैत्री जुळली माझ्या भाचीमुळे. ती पोलंडमध्ये क्राकूवला शिकत होती, तेव्हा या बाईंच्या घरी भाड्याने राहत असे. पहिल्याच दिवशी बाईंनी विचारले, "तू भारतात कुठली?" भाचीने सांगितले, "कोल्हापूरची." आता नकाशा काढून दाखवावा लागणार, असे तिला वाटले. पण बाई उठल्या आणि आतल्या खोलीतून आपल्या म्हाताऱ्या आईला हाताला धरून घेऊन आल्या. आजींनी एकच शब्द उच्चारला, "वळिवडे?"

आम्हां कोल्हापूरकरांनाही ही हकीगत सगळ्यांनाच ठाऊक असते असे नाही. १९३९ साली सोव्हिएत सैन्याने पूर्व पोलंड व्यापला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या असंख्य कुटुंबांना सैबेरियात व मध्य आशियात नेऊन टाकले. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर त्यांतली काही माणसे इराणमार्गे आगबोटीने कराचीला पोहोचली आणि तिथून आगगाडीने कोल्हापूरजवळ वळिवड्याला आली. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यांत बहुतेक बायका आणि मुलेच. त्यांची शाळा होती, चर्च होते, दवाखाना होता. ते गेल्यावर फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव तिथे आले. तेच आजचे गांधीनगर.

आजी त्या छावणीत आल्या तेव्हा सात वर्षांच्या होत्या. बरोबर आई आणि चार वर्षांचा धाकटा भाऊ. पुढच्याच वर्षी तापाने भाऊ गेला. त्याला कोल्हापुरातच ठेवून मायलेकी परतल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये आपले पंतप्रधान वॉर्साला गेले आणि तिथल्या कोल्हापूर स्मारकापुढे त्यांनी फुले वाहिली. ते दूरदर्शनवर पाहताना आजी लेकीला म्हणाल्या, "भाऊ अजून तिथेच आहे. ऐंशी वर्षांत त्याच्यापाशी कुणी दिवा लावला नाही." पोलंडमध्ये १ नोव्हेंबरला घराघरांतली माणसे आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतात. मैत्रिणीने त्याच रात्री मला फोन केला. "मी येते. अर्ज भरायला मदत करशील?"

"त्यात काय मोठेसे!" मी म्हणाले. पुढचे पंधरा दिवस हे वाक्य मला आठवत राहिले.

भारताने २०१४ च्या नोव्हेंबरात पर्यटकांसाठी घरबसल्या व्हिसा मिळण्याची सोय केली. त्यामुळे वकिलातीत खेटे घालावे लागत नाहीत, ही मोठीच सोय. पण पहिली ठेच तिथेच लागली. तिने मला जे पान दाखवले ते दिसायला अगदी सरकारी, शुल्क मात्र कितीतरी पट! पत्ता नीट पाहिला तर शेवटी 'गव्ह डॉट इन' ही अक्षरेच नव्हती. असल्या तोतया दुकानांपासून पाहुण्याला वाचवणे, हे यजमानाचे पहिले काम.

मग खरा अर्ज उघडला. तीस दिवसांच्या व्हिसासाठी येण्याआधी फार तर तीस दिवस अर्ज करता येतो. एक वर्षाच्या व्हिसाला मात्र एकशेवीस दिवस आधीपासून. आम्ही वर्षाचा घेतला, म्हणजे काही चुकलेमाकले तर हाताशी वेळ राहील. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने उरलेली हवी आणि दोन पाने कोरी हवीत. तेवढे तिच्याकडे होते. फोटो मात्र चौरस लागतो. तिकडचे फोटो उभट. पुन्हा पांढऱ्या भिंतीपुढे उभे राहून काढावा लागला.

खरी गाडी अडली ती आईवडिलांच्या रकान्यांत. आईचा जन्म कुठला? मैत्रीण म्हणाली, "ल्वूव. आई जन्मली तेव्हा पोलंडात होते, आता युक्रेनमध्ये आहे. कुठला देश लिहू?" माझ्याजवळ काय उत्तर असणार? शेवटी आजींच्या कागदपत्रांत जे होते तेच लिहिले. मनातला देश आणि कागदावरचा देश निदान त्यांच्या बाबतीत तरी एकच निघाला.

पुढचा प्रश्न होता, आईवडील किंवा आजीआजोबा कधी पाकिस्तानचे नागरिक होते काय, किंवा पाकिस्तानच्या ताब्यातल्या प्रदेशातले होते काय? इथे बाई फोनवर एकदम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आई कराचीला उतरली होती. काही दिवस तिथल्या छावणीत होती. खोटे लिहिले म्हणून परत पाठवतील का गं?" तिचा आवाज कापत होता. ज्या घराने एकदा सरकारी यादीत नाव आले म्हणून सर्वस्व गमावले, त्या घरात रकान्यांची भीती पिढ्यान्‌पिढ्या मुरत असावी. मी तिला समजावले, "अगं, तेव्हा पाकिस्तान जन्मालाच यायचे होते. आणि प्रश्न नागरिकत्वाचा आहे, कुठल्या बंदरात उतरलात याचा नाही. 'नाही' हेच खरे उत्तर आहे." तरी तिने ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतले.

"भारतातील ओळखीची व्यक्ती" या रकान्यात माझे नाव, पत्ता आणि फोन गेला. हे म्हणाले, "बघ हं, जबाबदारी आहे." मी म्हटले, "आहेच मुळी!"

पैसे भरण्यापूर्वी सारा अर्ज छापून आजींना दाखवला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या त्या बाईंनी भिंग घेऊन एकेक अक्षर पासपोर्टशी ताडून पाहिले आणि चूक काढली. पासपोर्टच्या क्रमांकात 'ओ' या अक्षराच्या जागी शून्य पडले होते. चूक माझीच! तसाच अर्ज गेला असता, तर हाती आलेला व्हिसा विमानतळावर कुचकामाचा ठरला असता. भरलेले शुल्कही परत मिळत नाही. अर्ज अर्धवट ठेवून पुन्हा उघडता येतो म्हणून बरे. पाच दिवसांनी मंजुरी आली. तिने तिची छापील प्रत काढून पासपोर्टमध्ये ठेवली आणि फोटो मला पाठवला. शाळेचे प्रगतिपुस्तक दाखवावे तसा!

ऑक्टोबरच्या शेवटी ती मुंबईला उतरली आणि महालक्ष्मी एक्सप्रेसने कोल्हापूरला आली. परदेशी पाहुणा घरी उतरला, तर त्याची माहिती चोवीस तासांच्या आत सरकारला कळवावी लागते; हा नियम हॉटेलांप्रमाणे तुमच्याआमच्या घरांनाही आहे. चहा पोटात जायच्या आत आम्ही ते काम उरकले. मग अभ्यंगस्नान, फराळ आणि गप्पा. चकली तिला आवडली, कडबोळी अधिक.

२०२४ साली १ नोव्हेंबरलाच लक्ष्मीपूजन आले होते. दुपारी आम्ही पोलिश दफनभूमीत गेलो. तिने पिशवीतून काचेच्या नळकांड्यातली लाल मेणबत्ती काढली. मी घरून एक पणती आणि तेल नेले होते. न्यावे की नाही, असा आधी संकोच वाटला होता. तिनेच माझ्या हातून पणती घेऊन मेणबत्तीशेजारी ठेवली आणि फोनवर आजींना ते दोन्ही दिवे दाखवले.

आजी पोलिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. मी मैत्रिणीकडे पाहिले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आई म्हणते, त्याला अंधाराची फार भीती वाटायची."

संध्याकाळी आम्ही घरी परतलो तेव्हा गल्लीत दिवे लागले होते. पूजेच्या पाटाशी बसण्यापूर्वी तिने मला विचारले, "पुढच्या वर्षी मी आले नाही, तर?"

मी म्हटले, "अर्जात माझे नाव उगीच नाही घातलेले."