पानांवर पोसलेली नदी : ब्राझीलचं जाऊ राष्ट्रीय उद्यान

आज आपण अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या जाऊ राष्ट्रीय उद्यानाविषयी बोलणार आहोत. आपल्याकडच्या जाऊबाईंशी याचा काही संबंध नाही, बरं का! जाऊ हा तिकडचा मिशा असलेला एक अजस्र मासा. त्याचं नाव नदीला पडलं आणि नदीचं उद्यानाला.

ब्राझीलमधल्या मानाउस शहराच्या वायव्येला साधारण २०० किलोमीटरवर, रिओ नेग्रो या मोठ्या नदीला लागून हे उद्यान आहे. १९८० साली ते घोषित झालं, २००० साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. क्षेत्रफळ सुमारे २२,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले सहा गोवे त्यात मावतील. पण आकारापेक्षा महत्त्वाची आहे ती त्याची हद्द. जाऊ नदीचं अख्खं पाणलोट क्षेत्र, उगमापासून मुखापर्यंत, तिच्यात घेतलेलं आहे. आमच्या मते ही हद्द आखणाऱ्यांना जंगल खरंच कळलं होतं. का, ते बघू.

ही नदी काळ्या पाण्याची. ओंजळीत घेतलं तर पाणी कोऱ्या चहासारखं दिसतं, आणि ते तयारही जवळपास चहासारखंच होतं. जमीन रेताड, कुजलेल्या पानांतली आम्लं ती धरून ठेवत नाही, ती सरळ नदीत उतरतात. पाणी आम्लधर्मी होतं, खनिजं त्यात नावालाच असतात. (डासांच्या अळ्यांनाही ते मानवत नाही, त्यामुळे प्रवासी खूश असतात.) अशा पाण्यात शेवाळ फारसं वाढत नाही. मग माशांनी खायचं काय? आणि रिओ नेग्रोच्या खोऱ्यात तर माशांच्या हजाराहून अधिक जाती आहेत!

याचं उत्तर नदीत नाही, काठावर आहे. दरवर्षी पाणी चढतं ते थोडंथोडकं नाही. मानाउसला उन्हाळी आणि पुराच्या पातळीत सरासरी दहा मीटरच्या आसपास फरक पडतो. तीन मजली घर बुडेल एवढा. काठचं जंगल महिनोन्‌महिने पाण्यात उभं राहतं. काळ्या पाण्यात बुडणाऱ्या या जंगलाला तिकडे ‘इगापो’ म्हणतात. तिथल्या अनेक झाडांची फळं नेमकी याच दिवसांत पिकून पाण्यात पडतात. मासे झाडांमधून पोहत येतात आणि फळं, बिया, किडे, कोळी, जे पडेल ते खातात. त्यांच्यामागे गुलाबी डॉल्फिनही फांद्यांमधून वाट काढत येतात. तांबाकी नावाच्या माशाचे दात तर दाढांसारखे असतात, रबराच्या जातीच्या झाडांच्या टणक बिया तो कडाकड फोडतो. पुरात खाऊन चरबी साठवायची आणि पाणी उतरल्यावर तिच्यावर दिवस काढायचे, असा त्याचा हिशेब. काही बिया मात्र न फुटता त्याच्या पोटातून जातात आणि दूर कुठेतरी रुजतात.

म्हणजे झाडं माशांना पोसतात, मासे झाडं पेरतात, आणि दोघांना भेटवतो तो पूर. एक झाड तोडलं नाही तरी हे बिघडू शकतं. मानाउसच्या ईशान्येला उआतुमा नदीवर १९८७ मध्ये बाल्बिना धरणात पाणी अडवलं गेलं. त्यानंतर धरणाच्या खालच्या बाजूला पाण्याची चढ-उतार मंदावली. सखल भागातल्या झाडांचे पाय वर्षभर पाण्यातच राहिले, आणि इगापोतली कितीतरी झाडं उभ्या उभ्या वाळली. कुऱ्हाड कुणी लावलीच नव्हती.

जाऊ नदीवर धरण नाही. पण तिच्या खालच्या टप्प्यातली पातळी रिओ नेग्रो ठरवते, आणि ती नदी हद्दीबाहेरची. तिची मानाउसची पातळी २०२१ मध्ये ३०.०२ मीटर होती, तेव्हाचा विक्रमी पूर. २०२३ च्या ऑक्टोबरात ती १२.७० मीटरपर्यंत उतरली, शंभराहून अधिक वर्षांच्या नोंदींतला नीचांक. आणि पुढच्याच वर्षी तोही मोडला.

अशा दुष्काळात इगापोला खरी भीती असते आगीची. पाण्याखाली पाला सावकाश कुजतो, म्हणून जमिनीवर पाचोळ्याचा आणि बारीक मुळांचा जाड थर साचतो. तो वाळला की आग मुळांशी धुमसत राहते आणि उभी झाडं मारते. मधल्या रिओ नेग्रोच्या काठी संशोधकांना असं आढळलं, की जळालेल्या जागेतली माती पुढच्या पुरांबरोबर वाहून जाते. मागे पांढरी वाळू उरते, आणि तिच्यावर जंगल परत येत नाही, गवताळ माळ पसरतो.