रुंद पात्याचा बाण सरळ कसा जायचा?

वीरगळावर धनुर्धारी दिसला की आपण धनुष्याचा बाक बघतो, फार तर पाठीवरचा भाता. मला प्रश्न पडतो तो बाणाच्या पात्याचा. लढाईत कवच भेदायला सुईसारखं टोक पुरतं. संस्कृत ग्रंथांत त्याला सूचीमुख म्हटलंय. शिकारीत (आपल्याकडच्या कन्नडमध्ये 'बेटे') ते उपयोगाचं नाही. बारीक जखम घेऊन हरीण लांब पळतं, झुडपात तडफडत मरतं आणि शिकाऱ्याला सापडतही नाही. रक्तवाहिन्या कापणारं रुंद, धारदार पातं असेल तर जनावर लवकर पडतं.

पण त्याच रुंदीनं नेम बिघडतो. दोरी मागून ढकलते तेव्हा दांडी क्षणभर वाकते आणि बाण सापासारखा वळवळत निघतो. टोक बारीक असेल तर मागची पिसं त्याला पटकन सरळ करतात. रुंद पातं म्हणजे मात्र पुढं लावलेलं दुसरं सुकाणू. बाण जरासा तिरका सुटला की हवा पात्यावर आदळते आणि तिरकेपणा वाढवते. या ओढाताणीत पिसं वरचढ ठरली पाहिजेत.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. १३६३ च्या शार्ङ्गधरपद्धतीत धनुर्वेदाचा भाग आहे. त्यात बाणाला चार पिसं, प्रत्येक सहा अंगुळं लांब, असं सांगितलंय. अंगुळ पावणेदोन-दोन सेंटिमीटरचं धरलं तर पीस साधारण ११ सेंटिमीटर होतं. परदेशात आजही धनुष्यबाणानं शिकार करणारे रुंद पात्यासाठी १० सेंटिमीटरच्या आसपासचं पीस वापरतात! ते पीस थोडं पिळून लावतात. बाण स्वतःभोवती फिरतो आणि पात्याचा दोष एकाच बाजूला साठत नाही. एका बाणाची सगळी पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत. डावी-उजवी मिसळली तर पीळ एकमेकांना मारतो.

दुसरी गोष्ट वजनाची. तोच ग्रंथ पुढं जड बाण लांब जातो, मागं जड बाण भेदतो आणि समतोल बाण नेमाच्या सरावाला चांगला, असं म्हणतो. मागं जड बाणाचं मला पटत नाही. असा बाण हवेत उलटायला बघतो. दांडी ७५ सेंटिमीटरची असेल तर पात्यासकट ती बोटावर तोलून बघावी. तोल मध्यापासून साडेसात ते अकरा सेंटिमीटर पुढं आला, तर रुंद पातं आवरतं.

तिसरी गोष्ट उद्यमबागेत लेथवर काम केलेल्या कुणालाही लगेच कळेल: शाफ्ट 'आउट' नको. पात्याचं टोक टेकवून बाण भोवऱ्यासारखा फिरवायचा. टोक थरथरलं तर पातं दांडीच्या रेषेत बसलेलं नाही; लाख तापवून ते परत बसवायचं. मग साध्या टोकाचे आणि पात्याचे बाण एकाच खुणेवर सोडायचे. दोन्ही एकाच जागी लागले तर जुळणी बरोबर. पात्याचे बाण सतत एका बाजूला गेले तर दोष सुटण्यात किंवा दांडीच्या ताठपणात असतो. तिथं पात्याला शिव्या देऊन उपयोग नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आपल्याकडं शिकार बंद आहे, त्यामुळं हे सगळं गवताच्या भाऱ्यावरच.

मग आपल्या मंडळींनी यात का पडावं? नांगरताना सापडलेलं लोखंडी पातं कुणीतरी हौसेनं ॲसिडमध्ये घालतं, नाहीतर ग्राइंडरवर चमकवतं, आणि 'युद्धातला बाण' म्हणून चौकटीत लावतं. तिथंच वजन जातं, धार जाते आणि दांडीत शिरणारी मागची शेपटीही झिजते. या तिन्हींवरून तर ओळखायचं असतं, की पातं शिकारीचं, लढाईचं की नुसतंच भाल्याचं. पातं सापडलं तर माती ब्रशनं हलकेच झाडा. ग्रॅममध्ये वजन करा, दोन्ही बाजूंची रुंदी मोजा, शेपटीची लांबी आणि जाडी लिहून ठेवा, मोजपट्टी ठेवून फोटो काढा. शेताची जागा नोंदवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. गंज तसाच राहू द्या.